साहेबाचं माप

पंपाच्या चोविसातल्या एकाही बॉडीत साहेबाचं मापाचं गेज शिरत नाही, ही बातमी सोनबानं स्वयंपाकघराच्या मागल्या दारी आणली तेव्हा सुभद्राबाईंच्या हातात पुरणाचा उंडा होता. तो हातातच राहिला आणि तव्यावरची पोळी करपली. एरवी करपल्याचा वास आला की सासरे, आबाजी, ओसरीवरूनच खाकरून चौकशी करायचे. आज ते कारखान्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते आणि तिथं त्यांच्या डोळ्यांदेखत फार मोठं काहीतरी करपत होतं.

सोनबा हा कारखान्यातला सर्वांत जुना साचेवाला. पवनाकाठची माती चिमटीत धरून तिच्यात ओतकाम कसं उतरेल ते तो सांगायचा. घरातल्या बायकांशी भिंतीकडं बघून बोलायची त्याची रीत. आज तो पायरीवर मटकन बसला आणि भिंतसुद्धा विसरला.

"एकबी बसंना, वैनी. पयल्या चार अडकल्या, म्हनलं आसंल. धा झाल्या, बारा झाल्या. साहेब बोलत काय न्हाई. गेज अडाकलं की वाईच शिट्टी वाजवतोय आन् खडूनं फुली मारतोय."

"आन् हे?"

"मालक हुबं हायती. त्यांच्या तोंडाकडं बगवत न्हाई."

मारुतराव, सुभद्राबाईंचे यजमान, गेला दीड महिना जेवणावरून अर्ध्यात उठत होते ते या चोवीस बॉड्यांसाठी. इंग्लंडातली ती पंपांची कंपनी आणि गावड्यांचा चिंचवड स्टेशनजवळचा कारखाना यांचं जुळवून आणलं होतं धाकट्या दिरानं, रंगरावांनी. ते दोन वर्षं विलायतेत राहून त्याच कंपनीत शिकून आले होते. श्रावणात हॅलमसाहेब पहिल्यांदा आला, नमुन्याचा एक पंप आणि मखमलीच्या पेटीतलं एक गेज ठेवून गेला. दसऱ्यानंतर येईन म्हणाला, चोवीस बॉड्या ओतून, भोक पाडून तयार ठेवा. साहेबाच्या बॅगेत दोन कागद असणार, असं रंगरावांनी साऱ्या घराला सांगितलं होतं. बॉड्या मापात बसल्या तर एक कागद निघेल, आणि पंप इथंच चिंचवडात बनतील. नाही बसल्या तर दुसरा, एजन्सीचा, निघेल. मग पंप विलायतेहून तयार येतील आणि गावड्यांनी फक्त दुकान मांडून ते विकायचे. दुकानाला भट्टी लागत नाही, साचेवाला लागत नाही आणि मारुतराव तर मुळीच लागत नाहीत.

"ह्यांनी केलेलं गेज तर समद्यांत जात व्हतं ना?"

"जातंय की, अजून बी जातंय. साहेब त्याला हात लावंना. म्हनतोय म्हनं, तुमचं ते तुमच्यापाशी ठिवा."

सोनबा गेला. आणि सुभद्राबाईंना एकदम खंडेनवमी आठवली.

मारुतरावांची कामाची एक पद्धत होती. साहेबाचं गेज हाती आल्यावर त्यांनी तीन दिवस लेथवर बसून त्याचं हुबेहूब दुसरं गेज केलं, आणि मूळचं पेटीत घालून कपाटात ठेवून दिलं. लोकाची वस्तू आहे, वापरून झिजवायची नाही. सगळी भोकं पाडली ती त्यांच्या स्वतःच्या गेजवर. खंडेनवमीला सालाबादप्रमाणे कारखान्यातली सगळी हत्यारं पुसून मांडली. पळ्या, घण, कानशी, लेथ, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं. पूजा नेहमी सुभद्राबाईंच्या हातची. शेवटी त्यांच्या मनात आलं, घरच्या साऱ्यांची पूजा झाली आणि लांबून आलेला पाहुणा तेवढा तसाच राहिला, हे काही बरं दिसत नाही. त्यांनी कपाटातून पेटी काढली. त्या लोखंडी दांड्याला दोन डोकी होती. एक भोकात अलगद जायला हवं, दुसरं जाता कामा नये, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. जे जातं त्या डोक्याला त्यांनी पाण्यात कालवलेली हळद लावली, वर कुंकू लावलं, हात जोडले. संध्याकाळी ह्यांनी बघितलं तर रागावतील म्हणून पदरानं पुसलं आणि पेटीतलंच पिवळं ग्रीस वरून चोपडून ठेवलं. पिवळ्यात पिवळं मिळून गेलं.

पुसलं म्हणजे किती पुसलं होतं? बायकांच्या कपाळाचं ओलं कुंकू पदरानं कधी एका पुसण्यात निघालंय का? वाळलेल्या हळदीचं पापुद्र्याएवढं पूट त्या लोखंडावर बसलं असणार, आणि केसाएवढ्या फरकानं वस्तू भंगारात जाते हे मारुतरावांच्या तोंडून त्यांनी हजारदा ऐकलं होतं.

त्यांनी उंडा परातीत टाकला आणि जावेला हाक मारली. विमलबाई म्हणजे रंगरावांची बायको, पुण्याच्या, शुक्रवार पेठेतल्या. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी चिंचवडला त्या गावच म्हणायच्या. सुभद्राबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. विमलबाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"जाऊबाई, हे तुम्ही कुणाला बोलू नका."

"आगं, त्येंची म्हेनत चाललीया भंगारात. माझ्या हातानं."

"पण काय सांगणार तुम्ही साहेबाला? त्याच्या गेजला कुंकू लावलं म्हणून? तो काय म्हणेल? रानटी म्हणेल. आणि ते ऐकावं कुणी लागेल, तर ह्यांना. दोन वर्षं त्या लोकांत मान वर करून राहिलेत ते."

विमलबाईंनी आवाज उतरवला.

"आणि खरं सांगू का? एजन्सी मिळाली तर ह्यांना मुंबईच्या ऑफिसात बसावं लागेल. राहायला जागा देतात. मी देवाला नवस नाही बोलले, पण मनात आलं नाही असंही नाही. भावजींचं वाईट व्हावं असं नाही हो माझ्या मनात. विकण्यात काय कमीपणा आहे?"

तिचा राग यावा असं ती काही बोलली नव्हती. आपली माणसं घेऊन वेगळं राहावं असं कुणाला वाटत नाही? पण सुभद्राबाईंच्या डोळ्यांपुढं लेथवर वाकलेली पाठ आली. त्या पाठीशी त्यांनी तेवीस वर्षं संसार केला होता. तिला जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही, यावर त्यांची देवाइतकीच श्रद्धा होती. आज ती पाठ खोटी ठरत होती आणि खोटं ठरवणारी हळद त्यांच्या करंड्यातली होती.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कोनाड्यातली रॉकेलची बाटली उचलली आणि मागल्या दारानं निघाल्या. विमलबाई दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

शेडमध्ये चोवीस बॉड्या दोन रांगांत मांडल्या होत्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या फुल्या पडल्या होत्या. हॅलमसाहेब उंच, मानेवर उन्हानं लाल झालेला. तो रुमालानं हात पुसत होता, शेजारी रंगराव. मारुतराव हातात स्वतःचं गेज घेऊन उभे होते आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं. आबाजी मात्र खुर्चीत ताठ होते. त्यांनी साहेबाचा निकाल श्रावणातच लावून टाकला होता. "गायीचं खानारी मानसं," ते म्हणाले होते, "आन् त्यांच्या मुलखात आठ म्हैने ऊन न्हाई. जिथं ऊन न्हाई, तिथल्या मानसाला लोखंड काय कळायचं?" लोखंडाचा आणि उन्हाचा संबंध काय, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. साहेबाचं जेवण घरात नाही, ऑफिसात वाढायचं, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

कारखान्यात पुरुषमाणसं बसलेली असताना सून आत आली, हे बघून आबाजींच्या भुवया वर गेल्या. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं पाहायचं टाळलं.

"भावजी, साहेबांस्नी सांगा. खंडेनवमीला त्या मापाची पूजा म्या केली व्हती. हळदकुंकू लावलंय त्याला. ते निघालं नसंल, म्हनून अडाकतंय."

मारुतरावांनी मान वर केली. बायकोकडं असं टक लावून त्यांनी चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं. रंगरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते साहेबाकडं वळून इंग्रजीत बोलले. बरंच बोलले, हसून बोलले. साहेबही हसला, सुभद्राबाईंकडं बघून मान लववली आणि काही म्हणाला.

"साहेब म्हणतात," रंगराव म्हणाले, "पाच मिनिटांत जेवायला येतो."

सुभद्राबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं? दिराच्या त्या सगळ्या बोलण्यात हळद नव्हती, कुंकू नव्हतं, पूजा नव्हती. पान वाढलंय, एवढंच त्यांनी साहेबाला सांगितलं होतं. ज्याला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन नदीवर नेलं होतं, त्याला आज वहिनीचं बोलणं साहेबापुढं मांडायची लाज वाटली. मनाला इतकं लागलं की क्षणभर बॉड्या, कागद सगळं विसरायला झालं.

मग त्या सरळ साहेबापाशी गेल्या. गेजच्या त्या डोक्याकडं बोट केलं, हात जोडून दाखवले आणि म्हणाल्या, "पूजा. म्या. पूजा."

साहेब बरीच वर्षं कलकत्त्यात काढून आलेला होता. त्याला तो शब्द ठाऊक होता.

"पूजा?" तो म्हणाला, आणि रंगरावांकडं वळला.

रंगरावांनी खाली मान घालून खरं सांगितलं. साहेबानं फडकं घेतलं, सुभद्राबाईंनी पुढं केलेल्या बाटलीतलं रॉकेल त्यावर ओतलं आणि गेज जोर लावून पुसलं. फडकं पिवळं झालं. त्यानं दुसऱ्या बाजूनं पुसलं. पुन्हा पिवळं झालं, थोडं तांबूसही. तिसऱ्या वेळेला फडक्यावर काही उतरलं नाही.

पहिल्या बॉडीत गेज लोण्यात बोट जावं तसं गेलं. साहेबानं ते उलटं करून दुसरं डोकं लावलं. ते काठाशीच अडलं, अडायलाच हवं होतं. दुसरी, तिसरी, चौथी. सुभद्राबाईंना प्रत्येक वेळी वाटायचं, आता ही अडणार. नऊ झाल्या, तेरा झाल्या. एकोणिसावीला साहेबाचा हात जरा थांबला आणि त्यांचा जीव खालवर झाला, पण तो घाम पुसायला थांबला होता. चोविसावी झाली तेव्हा सोनबानं कोपऱ्यात तोंडाला पटका लावला. तो रडत होता की हसत होता, कळलं नाही. मारुतरावांनी वाकून पहिल्या बॉडीवरची फुली तळव्यानं पुसली.

साहेब मात्र गेज उजेडात धरून फिरवत राहिला. मग रंगरावांना काहीतरी म्हणाला. रंगरावांच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच राहिलं.

"काय म्हनतोय?" मारुतरावांनी विचारलं.

"म्हणतात, हे गेज आता भरवशाचं राहिलं नाही. विलायतेला पाठवून तपासून घ्यावं लागेल."

"म्हंजी बसल्या न्हाईत?"

"बसल्या, दादा. पण ते म्हणतात, ह्या गेजनं बसल्या, ह्याला अर्थ नाही."

मारुतराव फार बोलणारा माणूस नव्हे.

"मगाशी अडकत व्हतं, तवा ह्येच गेज खरं व्हतं. फुल्या मारताना न्हाई वाटलं तपासून घ्यावं. आता जायला लागलं तर गेज बिघाडलं. सांग त्याला."

"दादा, असं तोंडावर..."

"हाय तसं सांग. मघाच्यावानी न्हाई."

रंगरावांनी वहिनीकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. ते साहेबापुढं ताठ उभं राहून बोलताहेत, हे सुभद्राबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या मनातला राग अर्धा तिथंच उतरला.

आबाजींना तेवढंच पाहिजे होतं. "म्या काय म्हनत व्हतो? ह्यांची जातच तसली. आपल्या सोनबाच्या करंगळीची सर न्हाई ह्यांच्या अख्ख्या मुलखाला. हे पन सांग, रंगा."

"आबा, नको."

"सांग म्हनतो ना."

रंगरावांनी तेही सांगितलं. भीड चेपली की माणसाला थांबता येत नाही. साहेबाचा चेहरा बदलला. तो आबाजींच्या जवळ गेला आणि शांतपणे चारपाच वाक्यं बोलला. या वेळी रंगरावांनी भाषांतर करायला इतका वेळ लावला की आबाजींनी काठी आपटली.

"ते म्हणतात, आबा, श्रावणात मी निघालो तेव्हा गाडीच्या मागल्या काचेतून बघत होतो. तुम्ही माझी खुर्ची अंगणात काढून धुवायला लावलीत. जिथं मी बसलो म्हणून लाकूड बाटतं, तिथं मी आमच्या कंपनीचं नाव लोखंडावर घालायला कसं देऊ?"

त्या खुर्चीवर पाणी सुभद्राबाईंनीच ओतलं होतं. सासऱ्यांनी सांगितलं आणि त्यांनी घागर उचलली, मनात काही आलंसुद्धा नव्हतं. कोण बघतंय, कुणाला लागतंय, असला विचार घागर उचलताना करतं कोण? आता मात्र त्यांना साहेबाकडं बघवेना. आबाजी खुर्चीत मागं टेकले.

"चूक झाली म्हनावं," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "आमची चूक झाली. पन त्या बॉड्यांची काय चूक? त्या बसल्यात का न्हाई, येवढं बगा म्हनावं."

रंगरावांनी ते सांगितलं, आणि या वेळी आवाजात आर्जव होतं. साहेबानं ऐकून घेतलं. त्यालाही कसंनुसं झालं असावं, कारण तो पुन्हा एकदा बॉड्यांच्या रांगेकडं बघून आला. मग टेबलापाशी जाऊन त्यानं बॅग उघडली.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. कोणता कागद निघतो, याच्यावर कारखान्यातल्या अडतीस माणसांची चूल आणि दोन भावांचं एकत्र राहणं अवलंबून होतं. मारुतरावांनी स्वतःचं गेज खिशात घातलं, पुन्हा काढलं. विमलबाई शेडच्या दाराशी कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नव्हतं.

साहेबानं एक जाड कागद टेबलावर ठेवला आणि बॅग मिटली.

रंगराव वाचू लागले. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "एजन्सीचा." मारुतरावांनी मान हलवली, जणू त्यांना तो ठाऊकच होता. दारातून विमलबाईंचा श्वास ऐकू आला. आनंदाचा म्हणावा तर तसा तो वाटला नाही.

"दुसरा दावा की म्हनावं," सोनबा कोपऱ्यातून म्हणाला. "दुसरा बगू तरी."

रंगरावांनी विचारलं. साहेबानं नकारार्थी मान हलवली. दुसरा कागद बॅगेत नव्हताच.

रंगरावांनी हातातला कागद पुन्हा वर धरला. ते आता मजकूर वाचत नव्हते, नुसते वरच्या कोपऱ्याकडं बघत होते. सुभद्राबाई जवळ सरकल्या.

"काय झालं, भावजी?"

"आज वार काय, वहिनी?"

"सोमवार."

"ह्याच्यावर गुरुवारची तारीख आहे. खाली सही पण गुरुवारचीच. मुंबईतच टाइप करून घेतलाय."

सुभद्राबाईंना हे समजायला जरा वेळ लागला. गुरुवारी साहेबानं एकही बॉडी पाहिली नव्हती. हळद, कुंकू, पदरानं पुसणं, मघाशी चुलीपुढं त्यांच्या छातीवर आलेला धोंडा, यातल्या कशाचाच त्या कागदाशी संबंध नव्हता. आपल्या हातून घर बुडालं नाही, म्हणून खरं तर त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपली चूक असती तर ती आपल्याला पुसता तरी आली असती, असं वाटून त्यांना रडू फुटलं.

आबाजींनी विचारलं, "सही कुनी करायची?" त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. "मारुती, तू सांग."

"रंगाला इचारा," मारुतराव म्हणाले. "जुळवलंय त्यानं. मुंबईला जायाचं त्याला. माझी आडकाठी न्हाई."

रंगरावांनी दाराकडं पाहिलं. विमलबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत, नुसती मान खाली घातली. रंगरावांनी कागदाची पहिल्याच घडीवर घडी घातली, टेबलावरून साहेबापुढं सरकवली आणि इंग्रजीत एक वाक्य बोलले. मोठ्यानं नाही. साहेबाची लाल मान आणखी लाल झाली. त्यानं टोपी उचलली आणि बाहेर बघून ड्रायव्हरला हाक मारली.

"काय म्हनलात त्याला?" सुभद्राबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"काही नाही, वहिनी. कागद गुरुवारीच लिहिला होता, तर आज माप कशाला घेतलंत, एवढंच विचारलं."

"मग? काय म्हनाला?"

"गाडी काढायला सांगितली त्यानं."